पायरीपासून दोन मीटर चाळीस

माझा मामा रस्ते खात्यात मुकादम. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. कमरेच्या पट्ट्याला मोजायची टेप अडकवल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही, लग्नकार्यालाही नाही. खात्यात त्याला मागून ‘पाताळमंत्री’ म्हणतात. तोंडावर मामाच म्हणतात, कारण तो रागावला की दोन दिवस बोलत नाही, आणि तो बोलला नाही की काम पुढे सरकत नाही.

हे नाव त्याला पडलं ते त्याच्या वह्यांमुळे. रस्ता कुठेही खणला, कुणीही खणला, की खड्डा बुजवण्याआधी मामा तिथे हजर. खाली उतरणार, पाण्याची लाईन कुठे, केबल कुठे, किती खोल, सगळं मोजणार आणि वहीत चित्र काढणार. खातं वेगळं असलं तरी जाणार. हाकललं तरी परत जाणार. अशा अकरा वह्या त्याच्या कपाटात आहेत. मामी म्हणते, “सगळ्या शहराच्या नळांचा पत्ता आहे यांच्याकडे. आपल्या मोरीतला नळ दोन वर्षं गळतोय, तो तेवढा सापडत नाही.”

वह्यांमागे एक गोष्ट आहे, ती मामा सांगत नाही. मला आईने सांगितली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साहेब म्हणाले, इथे खाली काही नाही, घाला पहार. मामाच्या जोडीदाराने पहार घातली आणि ती विजेच्या केबलवर बसली. माणूस वाचला, पण त्याचे दोन्ही हात भाजले ते कायमचेच. दुसऱ्याच दिवशी मामाने पहिली वही आणली.

मामाचा मुलगा परदेशात असतो. फोनवर एकदा मोठ्या कौतुकाने सांगत होता, “बाबा, आमच्या घरासमोरचा रस्ता सहा दिवसांत खणून, दुरुस्त करून मोकळा केला. तुमच्याकडे सहा महिने लागतात.”

मामाने एवढंच विचारलं, “खणायच्या आधी किती दिवस गेले?”

मुलाने चौकशी केली आणि आठवड्याने सांगितलं, कागदावरच आठ महिने गेले होते. खाली काय काय आहे याचा नकाशा आधीपासून होता, तरीही प्रत्येक खात्याने येऊन तो तपासला होता.

“मग सहा दिवस कसले?” मामा म्हणाला. “आठ महिने सहा दिवस. आणि आमचे लोक हात चालवत नाहीत असं तुला वाटतं ना? हात चालतात रे. आम्ही आंधळी कोशिंबीर खेळतो, म्हणून वेळ लागतो.”

मला हे तेव्हा पटलं नव्हतं. मला वाटायचं, आपल्या माणसाची बाजू घेतोय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्या माणसांना पायाखालचा प्रत्येक खड्डा मोजावा लागतो, त्यामुळे रस्तेवाल्यांवर माझा जुना राग आहे.

त्या रागाला एका सोमवारी तोंड फुटलं. माझ्या गल्लीत जमिनीखाली कुठेतरी पाणी गळत होतं. रस्ता फुगला, मग एका जागी बसला. मंगळवारी फलक लागला: रस्ता चार महिने बंद. पाणी खात्याच्या इंजिनिअरबाईंनी मला शांतपणे समजावलं. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह पूर्वीच्या डांबराखाली गाडला गेलाय, कुणालाच ठाऊक नाही कुठे. तो मिळेपर्यंत पाणी थांबत नाही, आणि पाणी थांबेपर्यंत दुरुस्ती नाही. म्हणून गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरायची, तीही केबली सांभाळत.

चार महिने ऐकून मला आधी आठवल्या त्या बाई, माझ्या पेशंट. अर्ध्या गल्लीला त्यांनी शाळेत शिकवलेलं. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन अकरा आठवडे झाले होते. उजवा पाय नुकता हालायला लागला होता, माझ्या दवाखान्यातल्या दोन समांतर दांड्यांना धरून चार पावलं पडत होती. हे सुरुवातीचे महिने गेले की पुढे फार थोडं हाती लागतं. घरी करायचे व्यायाम वेगळे आणि माझ्याकडच्या दांड्या वेगळ्या. रस्ता बंद म्हणजे चाकांची खुर्ची दारापर्यंत येणार नाही, आणि खुर्ची आली नाही तर बाई पुढचं आयुष्य खुर्चीतच काढणार. इतकं ते सरळ होतं.

मी तडक मामाकडे गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. मामाने ऐकून घेतलं. मग कपाट उघडून चौथी वही काढली, बोट ओलं करून पानं उलटली आणि म्हणाला, “सलूनच्या पायरीच्या कडेच्या मध्यापासून रस्त्याकडे सरळ दोन मीटर चाळीस. खोली एक मीटर. उद्या सकाळी जेवणाचा डबा जास्तीचा आण.”

इंजिनिअरबाई काही त्याच्या खात्यातल्या नव्हत्या. पण त्यांनी वही पाहिली, पानावरची बावीस वर्षांपूर्वीची तारीख पाहिली आणि म्हणाल्या, “एकच खड्डा. एक मीटर रुंद. बारा वाजेपर्यंत. बाराला यंत्र सुरू होईल.”

सकाळी आठला दोन कामगारांसह मामाने स्वतः पहार धरली. सलून माझ्या दवाखान्याच्या समोरच आहे. सलूनवाला दारात हाताची घडी घालून उभा. धुळीमुळे गिऱ्हाईक नव्हतं. साडेनऊला एक मीटर झाला, दहाला सव्वा. चिखल निघाला, दगड निघाले, कुणाची तरी जुनी चप्पल निघाली. व्हॉल्व्ह नाही.

इंजिनिअरबाईंनी घड्याळ पाहिलं. मला रडू यायला लागलं आणि ते लपवायला मी चिडले. “बावीस वर्षांची वही,” मी म्हणाले, “आणि निघालं काय, तर चप्पल.”

मामा खड्ड्याच्या काठावर बसला. चिडला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पिशवीतून नववी वही काढून वाचत बसला. मग उठला आणि सलूनसमोरच्या गटाराच्या लोखंडी झाकणापासून पायरीपर्यंत टेप धरली.

“माझ्या वहीत हे अंतर एक मीटर तीस आहे,” तो म्हणाला. “आज साठ सेंटिमीटर भरतंय. सत्तर गेले कुठे?”

“पायरी सरकली असेल,” इंजिनिअरबाई म्हणाल्या, “किंवा झाकण. गटार मध्यंतरी पुन्हा बांधलंय. पायरी सरकली असेल तर खड्डा दुकानाच्या बाजूला वाढवावा लागेल, आणि त्या बाजूला विजेची केबल आहे. अंदाजाने मी पहार घालू देणार नाही.”

“मीही घालणार नाही,” मामा म्हणाला. ते तो अशा आवाजात म्हणाला की मला एकदम ते भाजलेले हात आठवले.

सगळ्यांनी सलूनवाल्याकडे पाहिलं. “पायरी वडिलांच्या वेळेची आहे,” तो म्हणाला. “इंचभरही हाललेली नाही.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पायरी रस्त्यावर वाढवलेली असली तर ती तोडायचा हुकूम काढायला इंजिनिअरबाई चार हातांवर उभ्या होत्या. मला सगळं कळत होतं, तरी मी त्याच्यावर तुटून पडले. बाईंनी तुलाही शिकवलं ना, असं काहीबाही बोलले. मामाने मला हातानेच गप्प केलं.

तो सलूनवाल्याजवळ गेला आणि पायरीवरच बसला. “चूक माझी आहे,” तो म्हणाला. “दुकानदार पायरी पुढे घेतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तिच्यावरून मोजायलाच नको होतं. पायरी तोडायची की ठेवायची ते माझ्या हातात नाही, तसं खोटं वचन मी देणार नाही. पण समोरच्या दवाखान्यात येणारी बाई चार पावलं चालायला लागलीय. पाचवं पाऊल या पायरीखाली अडकलंय. तुझ्या दुकानात तू काय करायचं ते तू ठरव.”

एवढं बोलून तो उठला आणि खड्ड्याशी जाऊन उभा राहिला. सव्वाअकरा झाले होते.

सलूनवाला आत गेला. मला वाटलं, दार लावून घेतो की काय. तो बाहेर आला तो हातात छिन्नी-हातोडा घेऊन. पायरीवरची कडेची फरशी त्याने फोडली, मग दुसरी. सिमेंटचा थर उडवला. खाली, बरोबर आतल्या बाजूला, जुन्या काळ्या दगडाची झिजलेली कड दिसली.

“मोजा,” तो म्हणाला.

नव्या कडेपासून जुनी कड सत्तर सेंटिमीटर आत होती. मामाने जुन्या कडेपासून टेप ओढली. दोन मीटर चाळीस भरले ते आमच्या खड्ड्याच्या काठाबाहेर, जेमतेम वीतभर. केबलही वहीतल्या मापाप्रमाणे तिथून हातभर अलीकडे होती, हे त्याने इंजिनिअरबाईंना दाखवलं आणि त्यांनी मान हलवल्यावरच काठ हळूहळू खरवडला. बाराला दहा मिनिटं असताना पहारीचं टोक लोखंडावर वाजलं.

मी जाऊन सलूनवाल्याला पाणी दिलं.

व्हॉल्व्ह बंद झाला, गळती दुसऱ्या दिवशी सापडली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. आता खड्डा बुजवायचा, खुर्ची आणायची, अशा घाईत मी दारात उभी. तर मामा खड्ड्यात उतरलेला.

“आता काय राहिलं?” मी ओरडलेच.

“तासभर थांब. आणि खाली ये, टेपचं टोक धर.”

मी धरलं. धरताना लाजही वाटली. ज्या तासाभरासाठी मी आयुष्यभर रस्तेवाल्यांना शिव्या घातल्या, तो तास मी स्वतः खड्ड्यात काढत होते. या वेळी मामाने मापं तीन ठिकाणांहून घेतली: माझ्या दवाखान्याचा कोपरा, समोरच्या इमारतीचा कोपरा आणि जुन्या पायरीची दगडी कड. इंजिनिअरबाईंनी तेच आकडे आपल्या कागदावर उतरवून घेतले आणि सगळ्या अकरा वह्या मागितल्या. मामा म्हणाला, “न्या, पण खड्ड्यात स्वतः उतरणार असाल तर.” त्या उतरल्या. सलूनवाल्याने पुढे पायरी पुन्हा बांधली, जुन्याच जागी, आणि बांधून झाल्यावर मामाला बोलावून मोजून घेतली.

बाईंची खुर्ची चौथ्या दिवशी आली. एकही आठवडा बुडाला नाही. दोन महिन्यांनी त्या काठी घेऊन, एका बाजूने मला धरून, आपल्या घराच्या फाटकापासून दवाखान्यापर्यंत चालत यायचं म्हणाल्या. मामा मुद्दाम आला होता. नव्या डांबराच्या तुकड्यापाशी येऊन बाई थांबल्या. काठीचं टोक त्यावर टेकवलं. जीभ अजून जड होती.

“खाली... काय... आहे?” त्यांनी मामाला विचारलं.

दुसरा कुणी म्हणाला असता, काही नाही बाई, चला. मामा शाळेतल्या मुलासारखा सरळ उभा राहिला. एक मीटरवर पाण्याची मोठी लाईन, तिच्यावर व्हॉल्व्ह, हातभर अलीकडे विजेची केबल, वर चार थर खडी, प्रत्येक थर दाबून घेतलेला. त्याने सगळं सांगितलं, माप चुकवलं नाही.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली आणि उजवा पाय पुढे टाकला.