वॉर्डातून आणलेली कादंबरी

माझ्या मोठ्या मावशीइतका दवाखान्याचा उपयोग वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्याही निरोगी माणसाने करून घेतला नसेल. कारंजा घाडगेला तिच्या घरचे किराणा दुकान होते. दिवाळीची गर्दी ओसरली की ती आमच्याकडे नालवाडीला येई. विश्रांतीला येते असे सगळे म्हणत. ती यायची कादंबऱ्या वाचायला. वर्षभर दुकानात ती पुडीचा रद्दी कागदसुद्धा वाचल्याशिवाय बांधत नसे आणि गिऱ्हाईक खोळंबून राही. आमच्याकडे आली की आंघोळ-जेवण म्हणजे तिला दोन प्रकरणांच्या मध्ये आलेली अडचण वाटे. नायिका संकटात असली की भाजी करपे. नायक फार बोलू लागला की "मुकाट बस ना बाप्पा" असे त्याला सुनावून ती पान उलटी.

कादंबरी एका दिवसात संपे, मग पुढची शोधणे आले. वाचनालयात कपाटापुढे एक निवृत्त गृहस्थ बसत. ते आधी श्रेष्ठ वाङ्मय म्हणजे काय हे समजावून सांगत आणि मग बाईमाणसाला झेपेलसे पुस्तक काढून देत. मावशीने त्यांना एकदाच ऐकले. "पुस्तक मांगतलं त भाषण देऊन राह्यला," म्हणाली, आणि तिने आपला मोर्चा सेवाग्रामच्या दवाखान्याकडे वळवला. तिचे म्हणणे असे की, खरे वाचतात ते खाटेजवळ बसलेले नातेवाईक. त्यांना कुठे जाता येत नाही, धड झोपता येत नाही. पुस्तक रटाळ असेल तर त्यांच्या तोंडावर लगेच दिसते. ती संत्री घेऊन वॉर्डात शिरे, रोग्याची विचारपूस करी, आणि नजर मात्र उशाशी काय ठेवले आहे त्यावर. मग आपले वाचून झालेले पुस्तक देऊन त्यांचे घेऊन येई. मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. तिला स्कूटरवरून पोचवून मी व्हरांड्यातल्या खांबाआड उभा राही. कोणी विद्यार्थी भेटला आणि 'सर, कोण आजारी आहे?' म्हणाला तर काय सांगणार? एकदा पोटाला टाके पडलेल्या एका गृहस्थाने मला गाठलेच. "तुमच्या मावशीनं माही तब्येत विचारली," तो म्हणाला, "पण उत्तर आयकाले काही थांबल्या नाई."

अशाच एका दिवाळीनंतर तिला एका खाटेजवळ आर्वीकडची बाई दिसली. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. नवरा झोपला होता आणि तिच्या मांडीवर एक जाडजूड कादंबरी होती, मध्येच पानाचा कोपरा दुमडलेली.

"माही अर्धी राह्यली ना ताई," ती म्हणाली.

"तुमचा मुक्काम त अजून हाये इथं. उद्या सकाळी आणून देतो," मावशी म्हणाली आणि घेऊनही आली.

दुसऱ्या सकाळी खाट रिकामी होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने सांगितले, "त्यायले त काल संध्याकाळीच नागपूरले नेलं."

वॉर्डात त्या दिवशी आणखी दोन-तीन चांगली पुस्तके दिसत होती. मावशीने एकाकडेही पाहिले नाही. घरी येऊन म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटातलं उचललं मी." उरलेले दिवस तिने स्वेटर विणण्यात काढले. कारंजाला परत गेल्यावर बाजारातल्या प्रत्येक भाजीवालीला ती आर्वीच्या बाईबद्दल विचारत असे म्हणे. पुढच्या दिवाळीनंतर आली ती ते पुस्तक कापडी पिशवीत घालूनच, आणि मला आर्वीच्या आठवडी बाजारात घेऊन गेली.

बाई सापडली, वांग्यांच्या ढिगामागे. तिने मावशीला लगेच ओळखले. मावशी तिच्यासमोर मातीतच बसली.

"मालक कसे हायेत?"

"नागपूरहून आले नाई ते." बाईने गिऱ्हाइकाची वांगी तोलून दिली आणि मग म्हणाली, "ते पुस्तक मी त्यायलेच वाचून दाखवत होती. गाडीत सारखे विचारे, पुढं काय झालं म्हून. मले काय मालूम? सांगून देलं आपलं मनानं."

पुस्तक काढायला पिशवीत गेलेला मावशीचा हात तिथेच थांबला.

"काय सांगतलं?"

"त्या पोरीले घरच्यायनं परत घेतलं म्हून. घेतलं काय वो, ताई?"

ती कादंबरी मीही वाचली होती. त्या पोरीला घरचे शेवटपर्यंत दार उघडत नाहीत.

"घेतलं," मावशी म्हणाली. "साऱ्यायनं मिळून घेतलं. मायनं त पोटाशी धरलं."

"मंग बरं झालं," बाई म्हणाली आणि मावशी नको नको म्हणत असताना तिने तिच्या ओटीत चार वांगी टाकली.

मावशीचा हात पिशवीतून रिकामाच बाहेर आला.

एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली. आर्वी मागे पडल्यावर म्हणाली, "पुस्तक वापस द्याले गेली न् खोटं बोलून, वांगे घेऊन आली." कथेचा शेवट कसा असावा यावर मी वर्गात तासभर बोलू शकतो. त्या दिवशी मी एवढेच विचारले, "वर्धेला उतरल्यावर पुढची कादंबरी पाहायची का?"

"थांब जरासा," ती मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून म्हणाली. "हे सरू दे अगोदर."