दगडामागचा कोपरा

इस्त्रीवाल्या मावशींना खोटं बोलता येत नाही, ही सगळ्या गल्लीची तक्रार होती. कुणी आवडता शर्ट घेऊन आलं की मावशी तो उजेडात धरत आणि तोंडावर सांगत, "हा डाग जायचा नाही. आणि शर्टही आता पोटावर बसायचा नाही." गिऱ्हाईक हिरमुसून जायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडेच यायचं. अशा बाईनं फोन तिरका धरून निम्म्या जगाला टोपी घातली, असं कुणी सांगितलं असतं तर गल्लीनं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

सगळं सुरू झालं ते चिखलापासून. दुकान टेकडीच्या पायथ्याशी, आणि मागचा उतार उघडाबोडका. जोराचा पाऊस आला की वरची माती वाहत यायची, मागच्या दाराखालून आत शिरायची आणि घड्या घालून ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींची वाट लावायची. मावशींनी कचेरीत खेटे घातले. तिथल्या साहेबानं प्रत्येक वेळी "बघतो" म्हटलं आणि काही बघितलं नाही. शेवटी वैतागून त्यांनी स्वतःच उतारावर आडव्या रांगांत गवताचे ठोंब लावायला घेतले. लोकांनी यथेच्छ हसून घेतलं. नवरा म्हणाला, "कपडे कमी पडले वाटतं, आता डोंगराला इस्त्री करणार!"

दुसऱ्या वर्षी चिखल निम्म्यावर आला, तेव्हा हसणारेच ठोंब मागायला दारात उभे राहिले. बेकरीवाला आला, चपला शिवणारा आला, वरच्या गल्लीतल्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नसूनही आल्या. रविवारी सकाळी सगळे उतारावर. गवताच्या आधारानं झुडपं धरली, झुडपांत पाखरं आली, खालच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं.

मग एका संस्थेची माणसं आली. देशोदेशी अशी माणसं आहेत, म्हणाली, कुणी उतार धरून ठेवलाय, कुणी ओढा, कुणी माळ. त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची आहे. तेव्हापासून महिन्यातून एकदा फोनवर बैठक भरू लागली. ज्यानं त्यानं आपापला तुकडा दाखवायचा. भाषेचं काम सुनेकडे. ती कॉल सेंटरमध्ये होती, परदेशी गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन तिचे कान किटलेले. ती म्हणायची, "आई, तुमच्यामुळे महिन्यातून एक दिवस तरी कुणी माझ्याशी गोड बोलतं."

सगळ्यांत गोड बोलायची टपालवाली. कुठल्याशा दूरच्या देशात घरोघरी पत्रं वाटणारी धिप्पाड बाई. मावशींचा उतार बघून तिनं आपल्या गावामागचा डोंगर धरला होता. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसे. तरी सून चहा टाकायला उठली की दोघी तशाच बोलत बसायच्या, आपापल्या भाषेत, आणि हसायच्या.

आणि मग उतार गेला. वरच्या जागेच्या मालकानं गोदामासाठी तो सपाट करायला घेतला, त्याच्याकडे परवानगीचा कागदही होता. मावशी दारोदार फिरल्या. चपला शिवणारा म्हणाला, "आता कुठे भांडत बसता?" बेकरीवाल्यानं नजर चुकवली. "मावशी, माझ्या भावाला गोदामात काम देणार आहेत. मी कुठल्या तोंडानं येऊ?" मावशी एकट्याच माती उकरणाऱ्या यंत्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यानं दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. त्या दिवसापासून आठवडाभर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि जन्मभर चेष्टा करत आलेला तो माणूस मुकाट्यानं स्वतःचं ताट वाढून घेऊ लागला.

दुकानाला लागून एक भलाथोरला दगड होता. यंत्राला तो हलला नाही, म्हणून त्याच्यामागचं हातभर गवत आणि चार झुडपं तेवढी वाचली.

पुढच्या बैठकीला मावशींनी फोन पत्र्याच्या डब्यावर असा टेकवला, की त्यात फक्त तेवढंच दिसावं.

"आई, हे बरं नाही," सून म्हणाली.

"त्या बाईचा चेहरा बघ की. आपलं हिरवं दिसलं की कशी फुलते! मी तिला काय सांगू? तू आपलं भाषेचं बघ."

असे तीन महिने गेले. मग टपालवालीचा मधेच फोन आला. तिच्या गावात दगडाची खाण काढणारा आला होता, त्याला डोंगर हवा होता. गावाची सभा बोलावली होती आणि लोक डळमळत होते. "सभेत मोठ्या पडद्यावर तुम्हाला दाखवते," ती सुनेमार्फत म्हणाली. "इतकी वर्षं डोंगर सांभाळला की काय होतं, ते त्यांना दिसू दे. तुमचं बघून ते थांबतील. माझं ऐकत नाहीत."

मावशी "बरं" म्हणून बसल्या. खोटं दाखवावं तर एक डोंगर वाचत होता. खरं दाखवावं तर आपल्या हातानं तो घालवायचा. सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी एका गिऱ्हाइकाचा कोट जाळला. आयुष्यात पहिल्यांदा. जळका वास नाकात गेला तरी इस्त्री उचलायचं त्यांना सुचेना.

पडद्यावर माणसांनी भरलेली सभा दिसली. मावशींनी डब्यावरून कोपरा दाखवला. गवत छान हलत होतं. टाळ्या झाल्या. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि काहीतरी म्हणाला.

सुनेचा चेहरा उतरला. "आई, ते म्हणतात, फोन डावीकडे वळवा. वरचा भाग बघायचाय." मग अगदी हळू, "नेट गेलं म्हणू?"

पडद्यावर टपालवाली आशेनं बघत होती. मावशींनी फोन उचलला, दगडाला वळसा घातला आणि हात वर केला. सपाट मुरूम, अर्धवट भिंती, पत्र्याचे ढीग.

"सांग त्यांना, हे असं झालंय," त्या म्हणाल्या. "मी लपवलं. गवत रुजलं तसं आम्हाला वाटलं, झालं काम. रविवारी येणारे एकेक करून गळाले, मीही हाका मारायचं सोडलं. मग यंत्र आलं तेव्हा मी एकटी होते. माझ्याकडे बघून डोंगर ठेवू नका म्हणावं, माझ्याकडे काही नाही. पण ठेवा. हात जोडते, ठेवा."

सून सांगत गेली, सांगता सांगता रडू लागली. सभेत गलका झाला. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, पडदा काळा झाला.

मावशी डब्यावर बसून राहिल्या. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. नवऱ्यानं पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

संध्याकाळी टपालवालीचा फोन आला. डोळे सुजलेले.

"सभेनं हात वर केले. खाणीच्या बाजूनं," सून म्हणाली.

"माझ्यामुळे?"

सुनेनं विचारलं. "म्हणते, ठाऊक नाही. कदाचित." मग सून ऐकत राहिली आणि तिचा हात तोंडाशी गेला. "आई, तिचा डोंगर दोन वर्षांपासून खणताहेत. शेवटचा पट्टा उरला होता, आजची सभा त्याचीच होती. आपल्याला ती तेवढाच पट्टा दाखवत होती. म्हणते, तुमचं सगळं इतकं हिरवं, तुम्हाला सांगायची लाज वाटायची."

मावशींना हसू फुटलं आणि त्याच श्वासात हुंदका. तिकडेही तसंच. दोघी दोन देशांत तोंडावर पदर न् रुमाल दाबून बसल्या. सुनेला भाषांतर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"विचार तिला, आता काय उरलंय?"

"घरामागं थोडी झुडपं आहेत, म्हणते. तिच्या स्वतःच्या जागेत. आपल्या दुकानाएवढीच जागा."

"माझी त्याहून लहान आहे, सांग." मावशींनी डोळे पुसले. "आणि म्हणावं, दाखव आता. पण आजूबाजूचंही दाखव."