माझ्या घड्याळातलं मशीन

क्रोनोग्राफ, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, मी पहिल्यांदा पाहिला तो फॅक्टरीत. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आम्ही प्रेशर गेज बनवायचो. मी आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेले. गेजची बारीक चाकं जुळवायची आणि काटा बरोबर शून्यावर आणून ठेवायचा, हे माझं काम. एकदा एक परदेशी इंजिनिअर मालाची तपासणी करायला आला. टेस्ट चालू असताना त्याने मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि मधला लांब काटा धावायला लागला. पुन्हा दाबलं, काटा थांबला. मग त्याने खालचं बटण दाबलं आणि तो काटा एका उडीत शून्यावर येऊन उभा राहिला. जराही न थरथरता. सगळा दिवस काटे शून्यावर आणण्यात घालवणारी बाई मी. मी त्याला म्हटलं, परत दाबा. त्याने हसून दोनतीनदा दाबून दाखवलं.

तसं घड्याळ मला हवं झालं. विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. तसला माल तेव्हा चोरट्या मार्गाने यायचा आणि आमच्यासारख्यांना परवडायचा नाही. मग मी ठरवलं की आपणच जुळवायचं. रोज चावी द्यावी लागते असं जुनं मशीन मिळवायचं, बाहेरची धातूची केस करून घ्यायची, डायल आपण काढायची. जुन्या धाटणीचं, पांढऱ्या डायलचं, निळ्या काट्यांचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि लोक चावीची घड्याळं काढून बॅटरीची घालत होते. मला वाटलं, टाकलेलं मशीन सहज मिळेल.

मशीन मिळण्याच्या आधी डोकं फिरायला लागलं. ठाण्यातल्या, डोंबिवलीतल्या कुठल्याही दुकानात गेले की पहिला प्रश्न एकच. "कुणासाठी पाहिजे?"

"माझ्यासाठी."

"मिस्टरांना घेऊन या, मग बोलू."

एका दुकानदाराने तर माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. सोनेरी पट्ट्यांच्या नाजूक घड्याळांचा ट्रे समोर ठेवला. "मॅडम, लेडीजमध्ये हे बघा." मी म्हटलं, मला क्रोनोग्राफ हवाय, बंद पडलेला असला तरी चालेल. तो पलीकडच्या सेल्समनला म्हणाला, "अरे ऐकलंस का, बंद पडलेलं मागतायत." दोघं हसले. मी बाहेर आले तेव्हा माझे कान तापलेले होते. घरी येऊन मी भाजी इतक्या जोरात चिरली की सासूबाईंनी आत येऊन पाहिलं.

मशीन मिळालं ते बाजारात, मासळीवाल्या मावशीकडे. ती खाडीकाठच्या गावातली कोळीण, मी तिच्याकडून नेहमी बोंबील घ्यायची. एकदा सहज बोलता बोलता मी दोन बटणांच्या घड्याळाबद्दल सांगितलं. तिने सुरी थांबवली.

"माजे घोवाचं हाय एक," ती म्हणाली. "जहाजाव व्हता ना तो. त्याला दोन बटनं हायेत. पन बंद परलंय."

पुढच्या खेपेला तिने ते प्लास्टिकच्या पिशवीतून आणलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाऱ्या पाण्याने आत शिरून केस आणि डायल खाऊन टाकलेली, काचेच्या आत हिरवट डाग. मी पैसे विचारले तर तिने तोंड फिरवलं. "पेटीत ठेवून काय करू? चालू झालं का मना दाखव, बस."

घरी उघडलं तर आतलं मशीन निम्मं वाचलेलं होतं. पण स्टॉपवॉचच्या बाजूचे पोलादी भाग गंजले होते. ज्या चाकावर ती बटणं काम करतात, उभ्या खांबांचं एक लहानसं चाक असतं, त्याचे खांब झिजून गेले होते. त्याच जातीचं दुसरं मशीन शोधणं आलं.

त्याचे भाग कल्याणला मिळाले. जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या घड्याळजींचं दुकान होतं. त्यांच्याकडे डब्यांमध्ये सुटी मशीनं पडलेली, हे मला फॅक्टरीतल्या एकाने सांगितलं. मी गेले तर ते म्हणाले, "हे बायकांचं काम नाही. हात हलतात तुमचे." मी म्हटलं, माझे हात बघा आणि मग सांगा. त्यांनी मान वर केली नाही. मी पुढच्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. शेवटी त्यांनी चिडून एक डबा माझ्यासमोर सरकवला, "घ्या, शोधा काय ते." मी डोळ्याला भिंग लावलं आणि त्या ढिगाऱ्यातून माझ्या मशीनचे भाग एकेक करून बाजूला काढले. खांबांचं चाक, हातोडीसारखा तो तुकडा ज्याने काटा शून्यावर येतो, केसाएवढ्या दोन स्प्रिंगा. त्यांनी सगळं तपासलं. चूक निघाली नाही. तेव्हाही "शाब्बास" वगैरे काही नाही. कागदात गुंडाळून देताना म्हणाले, "मिस्टर काही बोलत नाहीत का?"

बाकीचं मी करून घेतलं. केस आणि बटणं उल्हासनगरच्या एका लेथवाल्याकडून, तीही दोनदा परत करून, कारण पहिल्यांदा त्याने मापाकडे बघितलंच नव्हतं. डायल मी ट्रेसिंग पेपरवर काढली आणि आमच्या फॅक्टरीत गेजच्या डायली छापायचे तिथे साहेबांची परवानगी घेऊन छापून घेतली. काटे घरी निळे केले. तव्यात पितळेचा कीस पसरायचा, त्यावर पोलादी काटे ठेवायचे आणि मंद गॅसवर वाट बघायची. आधी पिवळे, मग तपकिरी, मग जांभळे, आणि एका क्षणी निळे. त्याच क्षणी उचलायचे. सासूबाई म्हणाल्या, "हा तवा आता पोळीला वापरू नकोस." नवीन तवा मी दुसऱ्याच दिवशी आणला.

मशीन चालायला लागलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी एकटीच उभी होते. बटण दाबलं, काटा धावला. पुन्हा दाबलं, थांबला. दुसरं दाबलं, काटा उडी मारून शून्यावर आला. फक्त काच बसवायची आणि वेळ थोडी जुळवायची राहिली होती. तेवढ्यात माझी आई आजारी पडली आणि मला काही दिवस नाशिकला जावं लागलं. घड्याळ डबीत घालून कपाटात ठेवून गेले.

परत आले त्या संध्याकाळी माझा वाढदिवस होता. नवऱ्याने चहा झाल्यावर एक मखमली पेटी पुढे केली. सासूबाई, नणंद, तिचा नवरा, सगळे बसलेले. मी पेटी उघडली. माझं घड्याळ. काच बसवलेली, चामडी पट्टा लावलेला.

"पूर्ण करून आणलं," नवरा म्हणाला. "तू किती दिवस त्याच्या मागे होतीस."

मी ते कानाला लावलं. आवाज वेगळा होता. डायलकडे पाहिलं तर सेकंदाचा काटा एकेक टप्पा घेत चालला होता, बॅटरीच्या घड्याळात चालतो तसा. मी वरचं बटण दाबलं. ते हललंच नाही. खालचंही नाही. दोन्ही गोंदाने चिकटवलेली होती. मिनिटं मोजायच्या लहान डायलमधला काटाही चिकटवलेला, शोभेला.

"अहो, आत काय घातलंय?"

"बॅटरीचं मशीन बसवून घेतलं. नवीन. आता रोज चावी द्यायची कटकट नाही."

"आणि आतलं मशीन?"

"ते दुकानदाराकडेच राहिलं. भंगार आहे म्हणाला. पट्ट्याच्या बदल्यात धरतो म्हणाला."

नणंद म्हणाली, "वहिनी, नशीबवान आहेस. आमच्याकडे वाढदिवस लक्षातसुद्धा राहत नाही." सासूबाई म्हणाल्या, "किती हौसेने केलं गं त्याने." सगळ्यांचे चेहरे कौतुकाने भरलेले. मी जर तेव्हा ती पेटी भिंतीवर आपटली असती तर त्या खोलीत एकाही माणसाला कळलं नसतं की का. मी उठले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मशीन मावशीच्या नवऱ्याचं होतं. कल्याणच्या रविवारांचं होतं. माझं होतं. ज्या दुकानात मला कुणी उभं केलं नव्हतं, तशाच एका दुकानात माझा नवरा ते घेऊन गेला होता आणि त्याला एकदाही वाटलं नव्हतं की मला विचारावं.

सकाळी मी रजा टाकली. दुकान ठाण्यातच खोपटला, एसटी डेपोच्या अलीकडे होतं. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कुणाच्या तरी ओळखीचा दुकानदार. मी पेटी काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, यातलं जुनं मशीन परत द्या.

"कोण आपण?" मी सांगितलं. तो हसला. "अच्छा, अच्छा. ते ना, ते तर गेलं मॅडम. मुंबईची पार्टी येते, जुनी मशीनं उचलते."

"भंगार असेल तर मुंबईची पार्टी उचलते का?"

त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मशीनची किंमत त्याला ठाऊक होती. पहिल्या नजरेतच कळलं असणार. "तुम्ही मिस्टरांना पाठवा," तो म्हणाला. "व्यवहार त्यांच्याशी झालाय."

"मशीन माझं आहे. मी जुळवलंय. त्यातली प्रत्येक स्प्रिंग मी शोधून आणलेय."

"मॅडम, सकाळी सकाळी भांडू नका. गिऱ्हाइकाची वेळ आहे."

मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसले. गिऱ्हाईक आलं, मी त्याला म्हटलं, "घड्याळ दुरुस्तीला देताय? देण्याआधी आतलं मशीन नीट बघून ठेवा. इथे बदलतात." त्याने घड्याळ परत खिशात घातलं. दुसरा आला, त्यालाही तेच सांगितलं. आवाज चढवला नाही. एका बाईंनी विचारलं, खरंच का हो, तर मी पेटी उघडून गोंद लावलेली बटणं दाखवली. दुकानदार आधी हसला, मग हात जोडले, मग पोलिसांचं नाव काढलं. मी म्हटलं, बोलवा, मीही सांगते. डेपोतून सुटणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि मी तिथे बसून होते. आयुष्यात इतकी चिडलेली मी कधीच नव्हते आणि इतकी शांतही.

दुपारी त्याने आतल्या खणातून एक पुडी काढून काउंटरवर टाकली. मुंबईची पार्टी वगैरे काही नव्हतं. मी भिंग लावून तिथेच पाहिलं. मशीन माझंच होतं, पण त्याने घाईत काढताना एक स्प्रिंग तोडली होती. पेटीतलं घड्याळ उघडलं, तर डायलच्या मागचे पाय, ज्यांनी ती मशीनवर बसते, ते बॅटरीचं मशीन बसावं म्हणून कापून टाकले होते.

"हे कुणी कापले?"

"त्याशिवाय बसत नव्हतं," तो म्हणाला. जसं काही मीच त्याला बसवायला सांगितलं होतं.

संध्याकाळी घरात दुसरं भांडण झालं. दुकानदाराने ऑफिसमध्ये फोन केला होता. नवरा म्हणाला, "लोकांसमोर तमाशा केलास. मला मान खाली घालावी लागली."

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"सरप्राइज विचारून देतात का?"

"वस्तू माझी होती."

"मी चांगल्यासाठीच केलं ना?"

चांगल्यासाठीच केलं होतं, हे खरं होतं आणि त्यामुळेच माझा जास्त संताप व्हायचा. दुकानदारावर चिडणं सोपं होतं. तो चोर होता. नवरा चोर नव्हता. मी ओट्यापाशी वाकून जे करायची ते त्याने महिनोन्महिने पाहिलं होतं आणि काय चाललंय हे त्याला एकदाही कळलं नव्हतं. आम्ही बरेच दिवस कामापुरतं बोललो.

कपाटाच्या एका खणाला मी कुलूप लावून घेतलं. स्प्रिंगसाठी पुन्हा कल्याण. या वेळी म्हाताऱ्या घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "डायलचे पाय कापले?" मग स्वतःच उठून डबा काढला. डायल नव्याने छापता आली नाही, कारण तोवर आमच्याकडचं छपाईचं काम बाहेर गेलं होतं. पाय नसलेली डायल मी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या बारीक चकत्यांवर बसवली. घड्याळ पुन्हा चालायला लागलं. बाजारात मावशीला दाखवलं. तिने ओले हात पदराला पुसले, बटण दाबलं, काटा धावताना पाहिला आणि माझ्या पिशवीत पापलेट टाकलं.

मी ते घड्याळ रोज वापरायला लागले. नवऱ्याला सवय झाली. नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल, डोंबिवलीत एका नातेवाइकांच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही गेलो होतो. जेवणं चालली होती. कुणीतरी माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, तर नवरा रंगात येऊन सांगायला लागला. "अहो, ते आम्ही घरी बनवलंय. त्याची मोठी गंमत आहे. मी सरप्राइज द्यायला गेलो आणि ही बया दुकानात जाऊन स्टूल टाकून बसली." लोक हसायला लागले. तोही हसत होता, माझ्याकडे बघून, की मीही हसेन.

मी पानावरून हात बाजूला घेतला. "आम्ही नाही," मी म्हटलं. "मी बनवलं. आणि त्यात गंमत काही नव्हती. तुम्ही माझी वस्तू मला न विचारता दुसऱ्याच्या हातात दिलीत."

वाढणारा बासुंदीचं भांडं घेऊन उभा राहिला. नवऱ्याचं हसू हळूहळू उतरलं. तो पानाकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला, "हो. विचारायला हवं होतं."

मी मान हलवली आणि जेवायला लागले. राग गेला नव्हता.