चार कवड्यांचं उत्तर

नायजेरियातल्या अबेओकुटा शहरातल्या निवृत्त गणितशिक्षिका मोरौंके सकाळी चवळीचे अकारा वडे तळत होत्या, तेवढ्यात दार वाजलं. शेजारची अशाके दिवंगत नवऱ्याच्या चार कवड्या घेऊन उभी होती. जागून डोळे लाल झालेले.

"बाई, रोज ह्या कवड्या टाकून ह्यांना विचारते, 'घरात आहात का?' चार दिवस चारही तोंडं वर. म्हणजे 'हो'!"

"अगं वेडे, सोळांत एकदा पडतंच तसं."

"सलग चार दिवस?"

बाईंनी मनात गुणाकार केला. पासष्ट हजारांत एकदा.

"कवड्याच एका बाजूला जड असतील," म्हणत त्यांनी त्या हातात घेतल्या. "इथे आहेस का रे?" विचारून फरशीवर टाकल्या.

चारही तोंडं वर.

कढईतलं तेल जळू लागलं. अशाके हळूच म्हणाली, "आज ह्यांना तुमच्याकडेच ठेवून घ्या, बाई. मला एक रात्र झोपायचंय."