बहुरूप्याचं ओळखपत्र

धर्मराज बहुरूपी उल्हासनगरच्या बाजारात अकरा वर्षं फौजदार होता. खाकी डगला, लाल पट्टा, काजळाने कोरलेल्या मिशा आणि बगलेत जाडजूड वही. टेकचंद शेठच्या कापडदुकानाशी त्याची स्वारी हमखास थांबायची. तुमच्या साड्या बघून बायका नवऱ्यांशी भांडतात, चला चौकीवर, असा गुन्हा तो दाखल करायचा. शेठ हात जोडून माफी मागायचा, पोट धरून हसायचा आणि दंड भरायचा. बाजार एवढ्यावर खूश होता. धर्मराजही होता, निदान मिशा पुसेपर्यंत.

मिशा पुसल्या की अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या खोलीत तो एकटा. बायको विठा जाऊन तीन वर्षं झाली होती. रंग उतरल्यावरचा त्याचा चेहरा रोज बघणारं तेवढंच एक माणूस होतं. शेजारीपाजारी कारखान्यातल्या पाळ्यांचे, त्यांची जाग आणि झोप याच्याशी कधी जुळायची नाही. कधी कधी दोन दोन दिवस त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, आणि ते त्याला फार लागायचं.

ब्याण्णव साली पालिकेचा नियम आला. डोंबारी, गारुडी, बहुरूपी, ज्याला भर बाजारात खेळ करून पैसे मागायचे असतील त्याने ओळखपत्र छातीवर लावावं. फोटो रंग न फासलेल्या चेहऱ्याचा हवा, आणि अर्जावर एका दुकानदाराची सही हवी की, मी या माणसाला ओळखतो. शनिवारपर्यंत ओळखपत्र झालं नाही, तर बाजार बंद. नियमात वावगं काही नव्हतं. चौकात पाय ठेवायला जागा उरली नव्हती, हे धर्मराजलाही दिसत होतं. सही काय, टेकचंद शेठ डोळे मिटून करील, असं त्याने धरलं.

पण गावाकडची रीत अशी की, बहुरूप्याने आठ दिवस सोंगं आणावीत आणि नवव्या दिवशी साध्या कपड्यांत दारोदार जाऊन बिदागी मागावी. मग लोक तोंडात बोट घालतात, तो तू होतास होय, म्हणतात आणि ओसरीवर बसवून जेवायला वाढतात. इथे पैसे जागच्या जागी मिळत, म्हणून या पठ्ठ्याने नववा दिवस अकरा वर्षांत एकदाही केला नव्हता.

कागदाचं काम सोंगात करू नये, एवढी समज त्याला होती. शुक्रवारी दुपारी धुतलेला सदरा घालून तो अर्ज घेऊन दुकानाची पायरी चढला. शेठने वर न बघताच, भिकाऱ्याला सांगावं तसं, त्याला पुढे जायला सांगितलं.

"शेठ, मी. फौजदार."

शेठने चष्म्यावरून पाहिलं. "अरे, वो तो तगडा आदमी आहे. तू कोण?"

धर्मराजने फौजदाराचा आवाज लावून पाहिला. सदऱ्यात तो लागेना. नुसता खोकला आला. नोकराने त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. विठाच्या तेराव्यालाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी फौजदार रुबाबात आला. शेठने हसत हसत सही ठोकली आणि अर्जावरचं नावही पहिल्यांदाच वाचलं. दुपारी कचेरीत फोटो डकवून शिक्का बसला.

सोमवारी धर्मराज ओळखपत्र लावून दुकानात शिरला. शेठ कौतुकाने वाकून ते बघायला लागला, आणि त्याचं हसू थांबलं. त्याने फोटोकडे पाहिलं, मग मिशांकडे.

"शुक्रवारी... वो तू होतास?"

अकरा वर्षं राहिलेला नववा दिवस आपल्या पायांनी चालत आला होता. नुसतं हो म्हणायचं होतं. पण शेठची मान खाली गेली होती, हात घाईघाईने गल्ल्यात शिरला होता. आता हो म्हटलं, की या दुकानात फौजदार पुन्हा कधी येणार नाही, येईल तो पायरीवरून उतरवलेला माणूस, हे धर्मराजला कळून चुकलं.

"नाही शेठ," तो म्हणाला. "तो माझा भाऊ. थोडा मुखदुर्बळ आहे."

शेठच्या जिवात जीव आला. तो पुन्हा हसला, पाठीवर थाप मारली. "भावाला सांग, गलती झाली. एक दिन घेऊन ये त्याला, चाय पिऊ."

"तो नाही यायचा," धर्मराज म्हणाला. "त्याला इथे कुणी ओळखत नाही."