उघड्या खिडक्या

पांढरकवड्याच्या एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर एसीचं भलंमोठं मशीन बसवलं, ते ऐन मे महिन्यात. क्रेनने वर चढवलं, डक्ट जोडले, बटण दाबलं. मशीन मस्त घुमायला लागलं, पण खालचा हॉल काही थंड होईना. मी तासभर भर उन्हात गॅस तपासला, पंखे तपासले, वायरिंग पुन्हा पाहिलं आणि मशीनला, उन्हाला, स्वतःला शिव्या घातल्या.

शेवटी चिडून खाली आलो, तर एक सोडून हॉलच्या साऱ्या खिडक्या सताड उघड्या! तिथले म्हातारे चौकीदार शेवटच्या खिडकीची कडी काढत होते.

"काकाजी, खिडक्या काहून उघडल्या?" मी ओरडलोच.

"अन् मंग? आतली हवा बाहेर जाईन, तवाच थंडी हवा येईन ना!"

जन्मभर कूलरच वापरलेला माणूस. त्याच्या हिशेबाने बरोबरच होतं. मला हसू आवरेना. दोघांनी मिळून खिडक्या लावल्या. थोड्याच वेळात काकाजींनी खांद्यावरचा दुपट्टा अंगाभोवती लपेटला आणि हळूच विचारलं, "थोडं कमी होते का हे?"

ही गंमत बायकोला कधी सांगतो असं झालं होतं. संध्याकाळी यवतमाळला घरी पोचलो, खिडकी लावली, कूलरसमोर बसलो आणि रंगवून सांगायला लागलो. गोष्ट अर्ध्यावर आली, तर अंगाची नुसती चिकचिक.

बायको उठली. तिने खिडकी सताड उघडली.

"लोकायचे एसी बसवता, अन् कूलर चालू असताना खिडकी लावता?"