वाळूची टाकी कोणाची

विद्यापीठात तिला सगळे सोयरीकबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. भागीदारी कक्ष नावाच्या दोन टेबलांच्या खोलीत ती इतकी वर्षं बसत होती की नवीन माणसाला ती खोलीबरोबरच बांधली असावी असं वाटे. विद्यापीठाला एखाद्या संस्थेशी, नगरपालिकेशी किंवा कारखान्याशी हातमिळवणी करायची झाली की कराराचा पहिला मसुदा तिच्याकडे येई. समोरच्या भिंतीवर शाश्वत विकासाची सतरा ध्येयं रंगीत चौकोनांत लावलेली होती. प्रत्येक विभागप्रमुखाला त्यातले निदान तीन-चार चौकोन आपल्या वाट्याला हवे असत, कारण मानांकनाच्या वेळी तेच दाखवायचे असत. शिक्षण सगळ्यांनाच हवं. सांडपाण्याच्या चौकोनाकडे मात्र फारसं कोणी फिरकत नसे.

सोयरीक जमवण्यात तिचा हातखंडा होता. दोन्ही पक्ष कुठे अडतात ते तिला पहिल्याच बैठकीत कळे. मग अडलेला शब्द ती अलगद उचलून बाजूला ठेवी आणि तिथे कोणालाच न बोचणारा शब्द बसवी. ‘जबाबदार राहील’ कोणाला टोचलं, तर ‘प्रयत्नशील राहील’. ‘दर आठवड्याला’ जड वाटलं, तर ‘वेळोवेळी’. आणि अमुक काम नेमकं कोणी करायचं यावरून गाडी अडली, की ‘सर्व भागीदार संयुक्तपणे’. एवढं लिहिलं की सगळ्यांचे चेहरे सैल पडत, पेनं निघत, फोटो होई. पुढे तो संसार कसा चालला हे विचारायची पद्धत नव्हती, आणि विचारायला वेळही नव्हता. दुसरं स्थळ दारात उभंच असे.

तिची नणंद नदीकाठच्या धुलाईघरात काम करायची. डझनभर बायकांनी मिळून चालवलेलं ते घर. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या चादरी तिथे यायच्या, मोठाल्या यंत्रांत उकळून निघायच्या, वाळायच्या, इस्त्रीखालून कडक होऊन परत जायच्या. सगळं ठीक होतं, फक्त साबणाचं पाणी थेट नाल्यात जाई. एके दिवशी नगरपालिकेने बजावलं, पाणी गाळून सोडा नाहीतर धंदा बंद करा. इकडे विद्यापीठाच्या रसायन विभागाला एक खरंखुरं काम हवंच होतं. सोयरीकबाईंनी दोन्हीकडचं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले.

नणंद मात्र हटून बसली होती. “तुमच्या विद्यापीठाची मुलं याआधीही आली होती, वहिनी. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, आजारी कोण पडतं, सगळं विचारून गेली. पुन्हा तोंड दाखवलं नाही कोणी.”

“या वेळी तसं होणार नाही. मी आहे ना मध्ये.”

“तुम्ही मध्ये आहात म्हणूनच हो म्हणते,” नणंद म्हणाली. “विद्यापीठाकडे बघून नाही.”

सोयरीकबाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने हे ऐकून डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं. बायको आणि बहीण यांच्यामध्ये बोलायचं नाही हे त्याने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

धुलाईघरामागच्या खोलीत विभागाने पाणी गाळायच्या तीन टाक्या बांधल्या. एकीत खडी, दुसरीत वाळू, तिसरीत कोळसा. वाळूची टाकी हीच सगळ्यांत नाजूक, कारण साबणाचा चिकटा वरच्या थरावर बसे आणि तो थर दर आठवड्याला काढून धुवावा लागे. तो कोणी धुवायचा यावर बैठकीत तासभर टोलवाटोलवी झाली. विभाग म्हणाला, आम्ही संशोधन करतो, सफाई नाही. नगरपालिका म्हणाली, आमच्या कामात हे येत नाही. बायकांना कोणी विचारलंच नाही. शेवटी सोयरीकबाईंनी आपला ठेवणीतला शब्द काढला. देखभाल सर्व भागीदार संयुक्तपणे करतील. टाळ्या वाजल्या.

सत्र चालू होतं तोवर विद्यार्थी हौसेने येत, बाह्या सरसावून वाळू धूत, बाटल्या भरून नेत. टाक्यांच्या खोलीला कुलूप असे आणि किल्ली विभागात. मोजमापं बिघडू नयेत म्हणून बायकांनी आत हात लावायचा नाही असं ठरलं होतं. मग परीक्षा झाल्या आणि विद्यापीठाला सुट्टी लागली. मुलं आपापल्या गावी गेली, विभागाला कुलूप लागलं, किल्ली आतल्या आत खिळ्याला. रुग्णालयाला काही सुट्टी नसते. चादरी येत राहिल्या.

नणंदेने वहिनीला फोन केला तेव्हा वहिनी माहेरी होती. “वाळू तुंबलीय, वहिनी. पाणी वरून वाहायला लागलंय.”

“हो का? मी बघते. सुट्टी संपली की पहिलं पत्र याचंच काढते.”

हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या, आणि हीच खरी वाईट गोष्ट. इतकी वर्षं विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत राहून त्यांना खरोखरच वाटत होतं, की सुट्टी सगळ्या जगाला लागते आणि साबणाचं पाणीही ती संपेपर्यंत थांबतं. आठवडाभरात नाल्यावर फेस आला, नगरपालिकेचा माणूस बाटली भरून गेला आणि धुलाईघराच्या दाराला सील लागलं.

रुग्णालयाने महिनाअखेरपर्यंत वाट बघू असं कळवलं. त्यानंतर चादरी दुसरीकडे जाणार होत्या, आणि एकदा गेलेल्या चादरी परत येत नाहीत हे त्या बायकांना कोणी सांगायला नको होतं. नणंदेने भांडण काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भावाकडे येई, भावाशी बोले, वहिनीने पुढे केलेला चहा मुकाट्याने पिई आणि कप स्वतः विसळून ठेवून निघून जाई. त्या विसळलेल्या कपाने सोयरीकबाईंना जेवण गोड लागेना. आपण चुकलो, हे त्या स्वतःशी म्हणत होत्या. पण स्वतःशी म्हणून सील निघत नाही.

नगरपालिकेचा अभियंता सरळ माणूस होता. “वाळू कोण धुणार, पाणी कोण तपासणार ते लिहून द्या. मी त्याच दिवशी सील काढतो. पण माणूस दाखवा, बाई. संयुक्तपणे नावाचा माणूस मला अजून कुठे भेटलेला नाही.”

सुट्टी संपताच पुन्हा बैठक भरली. कुलसचिव मुख्य खुर्चीत, त्यांच्या डावीकडे रसायनाचे प्राध्यापक, उजवीकडे अभियंता, टोकाला पदर खोचून नणंद. सोयरीकबाईंनी मसुदा वाचायला घेतला. कामं लिहिलेली होती, पुढची जागा कोरी. त्या वाचून थांबल्या आणि थांबूनच राहिल्या. खोली अवघडली. प्राध्यापक पेनाशी खेळू लागले.

कुलसचिव झुकून हळूच म्हणाले, “बाई, तुमचा नेहमीचा शब्द घाला ना. चुटकीसरशी संपेल.”

“त्या शब्दामुळेच दाराला सील लागलंय, साहेब.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दोन पक्षांना अडलेलं राहू दिलं. हात शिवशिवत होते, जिभेवर पाच-सहा गुळगुळीत शब्द येऊन परत जात होते.

मग नणंद म्हणाली, “वाळू आम्ही धुऊ. रोज चादरी धुतो, वाळूचं काय? पण किल्ली आमच्याकडे हवी.”

प्राध्यापकांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग दाराच्या सीलचा विचार केला असावा, आणि किल्ली कबूल केली. निघालेला गाळ उचलायचं काम अभियंत्याने घेतलं आणि आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. सत्रात पाणी तपासायचं प्राध्यापकांनी मान्य केलं.

“आणि सुट्टीत?” नणंदेने विचारलं.

“सुट्टीत माझ्याकडे माणूस नसतो,” प्राध्यापक म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. अभियंत्याने छताकडे पाहिलं. कुलसचिवांनी घड्याळाकडे.

“मला शिकवा,” सोयरीकबाई म्हणाल्या. “बाटली भरायची, पट्टी बुडवायची, रंग बघायचा. एवढंच ना?”

“एवढंच नाही, पण जमेल तुम्हाला.”

“हे तुमच्या पदाच्या कामात बसत नाही, बाई,” कुलसचिव म्हणाले.

“बसवून घ्या, साहेब.”

सोयरीकबाईंनी कोऱ्या जागेत आपलं पद लिहिलं, समन्वयक, भागीदारी कक्ष. नणंदेने कागद पुढे ओढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे नको. उद्या खुर्चीत दुसरं कोणी आलं तर मी कोणाला फोन करू? नाव लिहा.”

सोयरीकबाईंनी पेन टेकवलं. कपाटं भरतील एवढे करार त्यांच्या हातून गेले होते. एकातही त्यांचं नाव नव्हतं, आणि तसं नसणं किती सुखाचं होतं ते त्यांना आत्ता कळलं. भीती वाटली. माहेर, सुट्टी, निवांत दुपारी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी वडिलांचं नव्हे तर सासरचं, नणंदेच्या घरचं आडनाव लावून स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

नणंदेने ते अक्षर न् अक्षर वाचलं. फोटोसाठी ती थांबली नाही. दारापाशी जाऊन वळली आणि किती दिवसांनी थेट वहिनीकडे बघून बोलली.

“आज सील निघेल, पहिली वाळू उद्याच काढायची. येताना जुने कपडे घालून या, वहिनी.”